चिलखताच्या आतला जॉन

सहा वर्षांचा एक मुलगा मैदानातल्या टेकाडावर उभा आहे. खेळ साधाच, जो वर टिकेल तो राजा. खालून पोरं चढून येतायत, पाय ओढतायत आणि हा एकेकाला खाली लोटतोय. मैदानाच्या कडेला एक बाई आणि नौदलातला एक तरुण अधिकारी त्याच्याकडे बघत उभे आहेत. बाई त्याला जवळ बोलावतात, विसाव्या शतकातलं एक जुनं नाणं दाखवतात, एका बाजूला गरुड असलेलं. नाणं हवेत उडतं. मुलाचे डोळे त्याच्यावर खिळतात, तो मध्येच झडप घालून ते पकडतो आणि मूठ उघडण्याआधीच सांगतो, गरुड. मूठ उघडते. गरुडच. साल आहे २५१७, जागा आहे पृथ्वीपासून लांब, इरिडॅनस-दोन नावाच्या ग्रहावरची शाळा. थोड्याच काळानं या पोराला त्याच्या अंथरुणातून उचलून नेणार आहेत आणि त्याच्या आईवडिलांना त्याचा पत्ताही लागणार नाही.

मी पुस्तक पालथं घातलं आणि घरभर येरझाऱ्या घालायला लागलो. कारण मुलाचं नाव होतं जॉन, आणि हा जॉन म्हणजे 'हेलो'मधला मास्टर चीफ. कॉलेजात असताना अख्ख्या रात्री मी ज्याच्या हिरव्या चिलखतात शिरून काढल्या, तो माणूस! त्याला लहानपण होतं, त्याला टेकाडावरून कुणी ढकलू शकत नव्हतं, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

'हेलो' ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १५ नोव्हेंबर २००१ला अमेरिकेत मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स बाजारात आला आणि त्याच्याबरोबर बंजी या कंपनीनं बनवलेला हा व्हिडिओ गेम आला. सव्विसावं शतक. कॉव्हेनंट नावाची परग्रहवासीयांची धर्मवेडी युती माणसांचे ग्रह एकामागून एक भाजून काढतेय. 'पिलर ऑफ ऑटम' नावाचं जहाज जीव वाचवून पळतं आणि अवकाशात तरंगणाऱ्या एका अजस्र कड्यापाशी येऊन पोचतं. कड्याच्या आतल्या बाजूला समुद्र, डोंगर, आकाश. जहाजावर गोठवून ठेवलेल्या एका सैनिकाला जागं करतात आणि तो सैनिक म्हणजे तुम्ही. दोन वर्षांनी गेम पीसीवर आला, त्याची चकटफू ट्रायल हॉस्टेलच्या प्रत्येक मशीनवर चढली आणि आम्ही लॅनवर 'ब्लड गल्च' नावाच्या दरीत एकमेकांवर तुटून पडलो. ती दरी मी आजही डोळे मिटून ओलांडू शकेन. पण मास्टर चीफ कोण, हा प्रश्न मनात कधी आलाच नाही. त्याचं हेल्मेट उतरत नाही, तो मोजकं बोलतो, काचेवर नुसता सोनेरी चकाकता पडदा. आत मी आहे, असंच वाटायचं. गेम बनवणाऱ्यांना तेच हवं होतं.

मग यंदा भाची सुट्टीत आली. बॅगेतून एक जाडं, कोपरे मुडपलेलं पुस्तक काढून म्हणाली, "मामा, तू हेलो खेळलायस आणि हे वाचलं नाहीस? काय सांगतोस!" एरिक नायलंड या लेखकाची 'द फॉल ऑफ रीच'. गेमच्या विश्वात घडणाऱ्या अशा कादंबऱ्यांना टाय-इन म्हणतात. मी त्यांच्याकडे आजवर बाहुल्या, टी-शर्ट, कॉफीचे मग यांच्या रांगेतली वस्तू म्हणूनच बघत आलो होतो. रात्री जेवणानंतर पुस्तक उघडलं. पहाटे दूधवाला आला तेव्हा मी शेवटच्या प्रकरणात होतो.

आधी हे ऐका. ही कादंबरी गेमच्याही आधी, ३० ऑक्टोबर २००१ला बाजारात आली. म्हणजे जगानं मास्टर चीफला खेळायच्या आधी त्याला वाचता येत होतं! नायलंडनं ती सात आठवड्यांत लिहून काढली. सात आठवडे! आणि त्या घाईत त्यानं असा पाया रचला की पुढचं सगळं हेलो विश्व त्याच्यावर उभं राहिलं.

पाया कसला, तर एका गुन्ह्याचा. नाणं उडवणाऱ्या बाई म्हणजे डॉक्टर कॅथरीन हॅल्सी. माणसांच्या वसाहतींमध्ये बंडाळी माजलीय, ती चिरडायला त्यांना अजोड सैनिक हवे आहेत, आणि ते घडवायचे तर लहानपणापासून घडवले पाहिजेत. दीडशे मुलं हेरली जातात, सगळी साधारण सहा वर्षांची. पैसा पंचाहत्तरांपुरताच मिळतो, म्हणून पंचाहत्तरच उचलली जातात. आणि त्यांच्या जागी घरोघरी ठेवले जातात घाईघाईनं वाढवलेले क्लोन. हुबेहूब तीच मुलं, तेच डोळे, तेच केस. फक्त ती आजारी पडतात आणि मरतात. आईवडील लेकरू गेलं म्हणून रडतात, आणि खरं लेकरू रीच नावाच्या ग्रहावरच्या बराकीत थंड पाण्यानं आंघोळ करत असतं. हे वाचताना पोटात गोळा आला. परग्रहवासी अजून आलेलेसुद्धा नाहीत! हे सगळं माणसांनी माणसांविरुद्ध वापरायला केलेलं. पुढे कॉव्हेनंट उगवलं आणि मग तीच मुलं मानवजातीची शेवटची आशा ठरली. हॅल्सीबाईंना आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक आहे. त्या रात्री झोपत नाहीत, आणि तरीही थांबत नाहीत. नायलंड त्यांना राक्षसीण करत नाही, सोडूनही देत नाही. त्यांच्या शेजारी उभा असलेला तो तरुण अधिकारी, जेकब कीज, पुढे 'पिलर ऑफ ऑटम'चा कप्तान होतो. गेममध्ये पाइप तोंडात धरून हुकूम देणारा तो कप्तान! त्यानं या मुलाला टेकाडावर बघितलेलं होतं! गेमच्या पहिल्या प्रसंगात ते दोघं समोरासमोर येतात तेव्हा या सगळ्याचा एक अक्षर उल्लेख नाही, आणि आता मला तो प्रसंग पूर्वीसारखा बघताच येणार नाही.

आता घंटेविषयी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. रीचवर मुलांना शिकवायला दोघं आहेत. डेजा नावाची कृत्रिम बुद्धिमत्ता, ग्रीक देवीच्या रूपात वर्गात प्रकट होणारी, थर्मोपिलीच्या खिंडीतल्या तीनशे स्पार्टनांची गोष्ट सांगून पोरांना वेड लावणारी. आणि मेंडेझ नावाचा खडूस नौदल शिपाईगडी. पहिल्याच दिवशी मेंडेझ तिघातिघांचे गट पाडतो. समोर दोरखंड, शिड्या, जाळ्या, खांब यांचं जंगल आणि टोकाला घंटा. गटानं वाजवायची आणि परत यायचं, शेवटी येईल त्या गटाला रात्रीचं जेवण नाही. जॉनच्या गटात केली आणि सॅम. जॉन सुटतो तो वाऱ्यासारखा, सगळ्यांच्या आधी घंटा वाजवतो आणि उड्या मारत परत येतो. मी जिंकलो! मेंडेझ सांगतो, तुझा गट शेवटचा आला. बाकीची पोरं टर्कीवर ताव मारतायत आणि ही तिघं उपाशी. दुसऱ्या दिवशी जॉन त्या दोघांना सोडून एक पाऊल पुढे टाकत नाही.

एवढंच असतं तर ही नेहमीची शिकवणुकीची गोष्ट झाली असती. पण नायलंड ती घंटा विसरत नाही. पुस्तकाच्या उत्तरार्धात जॉन चाळिशीला टेकलाय, नव्या चिलखताची चाचणी आहे आणि त्याच्या मेंदूशी पहिल्यांदाच कोर्टाना जोडली गेलीय. कोर्टाना म्हणजे हॅल्सीबाईंच्याच मेंदूच्या क्लोनपासून घडवलेली, जिभेची तिखट, विजेच्या वेगानं विचार करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. सैन्यातल्याच एकाला हा प्रकल्प बुडवायचाय, म्हणून चाचणीत खऱ्या गोळ्या, खरे सुरुंग, वरून लढाऊ विमान. एक क्षेपणास्त्र थेट जॉनवर येतं, कोर्टाना क्षणाच्या एका अंशात हिशेब करते आणि जॉन ते हाताच्या फटक्यानं बाजूला वळवतो! आणि या सगळ्या आगीतून पार होऊन त्याला करायचं काय आहे? घंटा वाजवायची आहे. या वेळी एकट्यानं नाही, डोक्यातल्या त्या नव्या जोडीदारासोबत. मी वाचता वाचता मोठ्यानं ओरडलो. बायको उठून बाहेर आली.

मधली प्रकरणं पळत वाचू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चौदाव्या वर्षी या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. हॅल्सीबाई जोखमींची यादी वाचतात: हाडांवर सिरॅमिकचा थर, स्नायू दाट करणारी इंजेक्शनं, डोळ्यांच्या मागच्या रक्तवाहिन्यांची उलथापालथ, मज्जातंतूंमधून जाणारा संदेश झपाट्यानं पोचावा म्हणून आणखी काही. प्रत्येकापुढे धोका लिहिलेला. तीस मुलं मरतात. बारा कायमची अधू होतात. तेहेतीस उरतात. उरलेल्यांत जॉन आहे, केली आहे, सॅम आहे, आणि मेलेल्यांना अवकाशात निरोप देताना हे तेहेतीसजण सावधान उभे आहेत. सगळे चौदा वर्षांचे. आपल्याकडे या वयात पोरं नववीच्या वर्गात बसलेली असतात.

आणि सॅम. हसतमुख, दांडगा सॅम, ज्याला जॉननं पहिल्या दिवशी मागे टाकलं होतं. चिलखत मिळाल्यावर पहिल्याच मोहिमेत जॉन, केली आणि सॅम अवकाशातून झेपावत शत्रूच्या जहाजात शिरतात. सॅमच्या चिलखताला भोक पडतं. बाहेर निर्वात पोकळी, त्याला परत येता येणारच नाही. लावलेले स्फोटक गोळे कुणी निकामी करू नयेत म्हणून तो मागे थांबतो. काय करायचं हे गटनायक म्हणून जॉनला ठरवावं लागतं. सत्तावीस वर्षांनंतरचा जो मितभाषी माणूस मी गेममध्ये चालवला, त्याची ती शांतता मला या पानावर कळली. मी त्याला रिकामं चिलखत समजत होतो.

गेम आणि पुस्तक एकमेकांत कसे गुंतलेत हे बघायलाही मजा आहे. गेममध्ये ऑटम जहाज त्या कड्यापाशी नेमकं पोचतं कसं? तिथे ती आंधळी उडी वाटते. कॉव्हेनंट मागावर असताना पृथ्वीच्या दिशेनं कधीच उडी मारायची नाही, हा युद्धातला नियम आहे, म्हणून वाट फुटेल तिकडे पळाले असं आपण धरून चालतो. कादंबरीत त्याला कारण मिळतं. सिग्मा ऑक्टॅनस-चार या ग्रहावरच्या संग्रहालयात एक प्राचीन दगड असतो, कॉव्हेनंटची फौज शहर उद्ध्वस्त करून त्यावरची चिन्हं वाचायला धडपडते. कोर्टाना तीच चिन्हं ताऱ्यांच्या नकाशावर लावून बघते. रीच पडतं, जहाज झेप घेतं आणि पुस्तक नेमकं तिथे संपतं जिथे गेमचा पहिला पडदा वर जातो. मी पुस्तक मिटलं आणि थेट लॅपटॉपवर गेम उतरवून घ्यायला बसलो!

आता त्या टी-शर्ट आणि मगच्या रांगेबद्दल. दुसऱ्याच्या विश्वात लिहिलेलं ते दुय्यम, ही समजूत मी इतकी वर्षं का बाळगली, याचाच मला अचंबा वाटतो. कर्णाला शिवाजी सावंतांनी जन्माला घातलं नव्हतं. 'मृत्युंजय' १९६७ साली आली तेव्हा तिचं जग, तिची माणसं, तिचा शेवट सगळं हजारो वर्षं ठरलेलं होतं, आणि तरी मराठी माणसानं ती उशाशी घेऊन झोप उडवली. रणजित देसाईंची 'राधेय', खांडेकरांची 'ययाति', सगळ्यांचं घर व्यासांनी बांधलेलं. आपण तर असं वाचण्यात मुरलेले लोक आहोत. महाकाव्यानं ज्याला दोन ओळींत उरकलं त्याच्या मनात शिरायचं, हा रस आपल्या अंगात भिनलाय. आईपासून तुटलेलं मूल, अंगाला चिकटलेलं कवच, दुसऱ्यांच्या युद्धात झोकून दिलेलं आयुष्य: जॉनची गोष्ट मला एवढी घट्ट का धरून बसली, याचं उत्तर मला माझ्याच कपाटात सापडलं. इथे मालकी कंपनीची असते, लेखकाला आखून दिलेल्या चौकटीत लिहावं लागतं, हा फरक मोठा आहे. सगळीच पुस्तकं जमतात असंही नाही. 'मास इफेक्ट' या दुसऱ्या विज्ञानगेमची 'डिसेप्शन' ही २०१२ची कादंबरी इतक्या विसंगतींनी भरलेली निघाली की वाचकांनी चुकांच्या याद्या केल्या आणि कंपनीला माफी मागावी लागली. पण त्याच मालिकेतली ड्रू कार्पिशिन याची 'रेव्हलेशन' घ्या. हा स्वतः त्या गेमचा प्रमुख लेखक. गेममध्ये कॅप्टन अँडरसन आपल्या जुन्या अपमानाची हकिकत चार वाक्यांत सांगून गप्प होतो, कादंबरी ती हकिकत आपल्यासमोर घडवते.

भाचीनं पिशवी रिकामी केली ती केलीच. 'द फ्लड' ही विल्यम डिट्झची कादंबरी म्हणजे पहिल्या गेमचंच शब्दांकन. खरं सांगायचं तर जिथे जिथे ती मास्टर चीफच्या मागून त्याच त्या दालनांत फिरते, तिथे ती मला लांबलेली वाटली. पण जेनकिन्स! गेममध्ये एका दलदलीतल्या इमारतीत आपल्याला मेलेल्या सैनिकाचं हेल्मेट सापडतं, त्यातल्या चित्रणात फ्लड नावाचे परजीवी पहिल्यांदा दिसतात आणि अंगावर काटा येतो. त्या तुकडीतला जेनकिन्स या पुस्तकात पूर्ण मरत नाही. शरीर परजीवीनं बळकावलंय, हात आपले राहिले नाहीत, आणि मन कोपऱ्यात जागं आहे, सगळं बघतंय. गेममध्ये अशा शेकडो शरीरांवर मी बेधडक गोळ्या झाडल्या होत्या!

त्याहून मला आवडली ती जोसेफ स्टेटनची 'कॉन्टॅक्ट हार्वेस्ट', २००७ची. स्टेटन बंजीतच गेमची गोष्ट लिहायचा, म्हणून त्याला या घरातल्या सगळ्या खोल्या माहीत. हार्वेस्ट हा शेतीचा ग्रह, आणि इथेच माणूस आणि कॉव्हेनंट पहिल्यांदा भेटतात. गेममध्ये किंचाळत पळणारे बुटके ग्रंट असतात ना, ज्यांना बघून आम्ही हसायचो, त्यांच्यातला डाडाब इथे चक्क नायकांपैकी एक आहे. जहाजावरचा दुय्यम धर्मोपदेशक, सगळ्यांच्या लाथा खाणारा. त्याची मैत्री होते 'लायटर दॅन सम' नावाच्या प्राण्याशी. हवेत तरंगणारा, फुग्यांसारख्या पिशव्या आणि लोंबत्या सोंडा असलेला, यंत्र दिसलं की दुरुस्त करणारा हा जीव. तो सोंडांच्या खुणांनी बोलतो, आणि डाडाब आपल्या बोटक्या बोटांनी ती खुणांची भाषा शिकतो. दोघं निवांत वेळी खेळतात, गप्पा मारतात. आणि युद्ध पेटतं कशामुळे? कॉव्हेनंटच्या पवित्र यंत्राला हार्वेस्टवर देवांचे अवशेष दिसतात, खणून नेण्याजोगे. खरं तर ते यंत्र माणसांकडेच बोट दाखवतंय, देवांचे वारस तेच आहेत! हे बाहेर पडलं तर धर्माचा पायाच कोसळेल, म्हणून सत्तेला हपापलेले तीन धर्माध्यक्ष ते दडपतात आणि माणसांच्या संहाराचा हुकूम काढतात. अब्जावधी माणसं मरतात ती या एका लपवाछपवीपायी. गेम खेळताना मला शत्रू दिसायचे, हे कारण दिसलं नव्हतं.

आणि मग ग्रेग बेअर! 'ब्लड म्युझिक' आणि 'इऑन' लिहिणारा, विज्ञानकथेतला बडा माणूस, त्यानं हेलोसाठी तीन कादंबऱ्या लिहिल्यात: 'क्रिप्टम', 'प्रिमॉर्डियम' आणि 'सायलेंशियम', २०११ ते २०१३. काळ एक लाख वर्षांपूर्वीचा, कडी बांधणाऱ्या फोररनरांचा. 'प्रिमॉर्डियम' सांगणारा चाकास हा प्राचीन माणूस अशाच एका मोडक्या कड्यावर पायी भटकतोय. मैलोन्मैल चालणं, भूक, पडकी शहरं, आकाशात वर वर वळत गेलेली जमीन. गेममध्ये मी त्याच कड्यावर जीप उधळत गेलो होतो, तिथली माती कशी असेल हे कधी मनात आलं नव्हतं. या चाकासचं पुढे काय होतं ते मी मेलो तरी फोडणार नाही. पहिला गेम खेळलेल्यांनी शेवटची पानं वाचावीत आणि मला फोन करावा.

सध्या घरात वाद पेटलाय तो हॅल्सीबाईंवरून. भाचीच्या मते त्या सरळसरळ गुन्हेगार, त्यांना गजाआड टाकलं पाहिजे, आणि कॅरन ट्रॅव्हिस या लेखिकेनं 'ग्लासलँड्स'पासून सुरू केलेली तीन पुस्तकं तिच्या बाजूनं साक्ष देतात. त्यांत ज्या बाईच्या हाती मोहिमेची सूत्रं आहेत, ती सेरिन ओस्मान त्या पंचाहत्तर मुलांपैकीच एक, शस्त्रक्रियेनं मोडून पडलेली आणि पुन्हा उभी राहिलेली. तिसरं पुस्तक, २०१४चं 'मॉर्टल डिक्टाटा', त्यात तर एक बाप आहे. त्याची सहा वर्षांची मुलगी नाओमी हरवते, परत मिळते आणि तो तिच्याकडे बघून म्हणतो की ही माझी नाही. कुणी विश्वास ठेवत नाही. ते मूल झिजून मरतं. हा माणूस पस्तीसेक वर्षं आपली खरी लेक शोधत फिरतो, शस्त्रं गोळा करतो, बंडखोरांत जातो. नायलंडनं क्लोनचा तपशील लिहिला त्याला तोवर तेरा वर्षं होऊन गेली होती, आणि ट्रॅव्हिसबाईंनी तो उचलून त्या बंद दारांपैकी एका दारामागे पाऊल टाकलं. मी अजून हॅल्सीबाईंचा पक्ष सोडलेला नाही. त्यांची तगमग नायलंडनं मला दाखवलीय, ती मला पुसता येत नाही. भाची म्हणते, "मामा, आधी त्या बापाचं प्रकरण पूर्ण वाच, मग बोल." अर्धं झालंय. आज रात्री उरलेलं वाचतो आणि उद्या तिच्याशी भांडतो.